विद्येचे माहेरघर आणि पुण्याची इतर नावे

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मी पहिल्यांदाच चार माणसांत बोलायला उभी राहिले आहे. हातातला कागद थरथरतो आहे, तो पंख्याच्या वाऱ्याने थरथरतो आहे असे आपण समजावे.

वर्धापनदिनाच्या भाषणांसाठी चिठ्ठ्या टाकण्याची आपल्या मंडळाची चाल आहे. मागच्या सभेत स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या फिरल्या. कोणाला ‘उन्हाळ्यातील वाळवणे’ आले, कोणाला ‘मुलांच्या परीक्षेचे दिवस’ आले. माझ्या हाती आली ती चिठ्ठी अशी : ‘आपल्या शहराची टोपणनावे’. मी घाबरले. वाळवणांची चिठ्ठी शेजारच्या काकूंकडे होती. त्या अदलाबदल करायला तयारही झाल्या, पण कार्यवाह ताईंनी ऐकले नाही. नशिबात आलेली चिठ्ठी आणि ताटात वाढलेली भाजी बदलून मागायची नाही, असे त्या म्हणाल्या. तेव्हा माझे काही चुकले तर त्याचा अर्धा दोष ताईंच्या पदरी घालावा.

तीन आठवडे मी हा विषय पोळ्या लाटताना, भांडी घासताना डोक्यात घोळवला. धाकट्या मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली. दुपारचे दोन तास मी ती वाचली, आणि जे कळले ते वहीत उतरवून काढले. त्यातलेच आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्या बायकांना नावांचे नवल नाही. एका जन्मात आपल्याला तीन तीन नावे मिळतात. पहिले पाळण्यातले नाव, ते आत्या कानात सांगते. दुसरे सासरचे नाव, ते ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितात. आणि तिसरे लाडाचे किंवा रागाचे नाव, ते कोण ठेवते आणि कधी चिकटते हे कोणालाच कळत नाही. पुस्तके वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की आपल्या पुण्याचेही असेच आहे. त्यालाही पाळण्यातले नाव आहे, सासरची नावे आहेत, आणि लाडाची तर पुष्कळच आहेत.

आधी पाळण्यातले नाव घेऊ. राष्ट्रकूट राजांचे जुने ताम्रपट सापडले आहेत. त्यांतल्या इ. स. 758 च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ असा शब्द आहे, आणि दहा वर्षांनंतरच्या, म्हणजे 768 च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’ असा आहे. विषय म्हणजे तेव्हाच्या बोलीत प्रांत, आपण जिल्हा म्हणतो तसा. म्हणजे हे नाव साडेबाराशे वर्षांहून जुने आहे. मुळा आणि मुठा या दोन नद्यांचा इथे संगम होतो, संगमाची जागा पुण्याची, म्हणून गावाचे नाव पुणे, असे जुनी माणसे सांगतात. पुढे हेच गाव लोकांच्या तोंडी ‘पुनवडी’ झाले, आणि बाजारपेठ वसल्यावर ‘कसबे पुणे’ झाले. पुनवडी हे नाव मला फार आवडले. सोनीला सोनुली म्हणावे तसे ते वाटते.

या पुनवडीने फार सोसले आहे. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, असे सांगतात. गाढवाचा नांगर फिरवणे म्हणजे इथे पुन्हा वस्ती करू नये अशी ती खूण. अशा ओसाड गावात जिजाबाई लहानग्या शिवबाला घेऊन राहायला आल्या. त्यांनी सोन्याच्या फाळाच्या नांगराने इथली जमीन नांगरून घेतली, कसब्याच्या गणपतीचे देऊळ उभे केले आणि लोकांना बोलावून पुन्हा गाव वसवले, अशी आठवण पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जिजाबाईंचे माहेर दूर सिंदखेडचे. परगावाहून आलेल्या एका बाईने हे गाव पुन्हा मांडले, हे कृपा करून लक्षात ठेवा, कारण मला पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता सासरची नावे, म्हणजे राज्यकर्त्यांनी ठेवलेली. 1703 साली औरंगजेब बादशहाचा मुक्काम पुण्यात होता. त्याने या गावाचे नाव ‘मुहियाबाद’ ठेवले. कागदोपत्री ते लिहिलेही गेले. परंतु आज पुण्यातल्या शंभर माणसांना विचारले तर हे नाव एखाद्यालाच माहीत असेल. का? तर बाजारात भाजी घेणाऱ्या आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या माणसांनी ते तोंडात घेतले नाही. पुढे इंग्रज आले. त्यांच्या जिभेला पुणे जमेना, त्यांनी ‘पूना’ केले. ते पुष्कळ वर्षे टिकले, आगगाडीच्या तिकिटावर आणि पत्रांच्या शिक्क्यांवर तेच असे. 1978 साली सरकारी दप्तरातही पुन्हा पुणे झाले. घरात मात्र आपण कधी पूना म्हटलेच नाही. यावरून मला एक गोष्ट कळली. नाव ठेवणारा कितीही मोठा असो, ते चालवायचे की नाही हे तोंडात घेणारी माणसे ठरवतात.

पेशवाईत गाव वाढले आणि पेठा वसल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा ज्या गावात आहेत असे दुसरे गाव माझ्या तरी पाहण्यात नाही. शिवाय सदाशिव, नारायण, नाना, भवानी, घोरपडे, रास्ता या आहेतच. आजच्या गुरुवार पेठेला पूर्वी वेताळ पेठ म्हणत. आमच्या सासूबाई वारांच्या हिशेबाने गंमत करीत. “सोमवारी निघालीस तर शनिवारात पोचशील, मधे बुधवारात गर्दी लागेल,” असे त्या म्हणत, आणि मी नवीन नवरी, मला वाटे की खरेच आठवडाभर चालावे लागते की काय!

आता लाडाच्या नावांकडे वळते.

‘पुणे तेथे काय उणे’ ही म्हण आपण सगळ्या जाणतो. हे लाडाचे नाव की टोमण्याचे, हे ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावे लागते. पुण्याचा माणूस म्हणतो तेव्हा त्यात अभिमान असतो. बाहेरचा माणूस दुकानाला दुपारी कुलूप पाहून, किंवा दारावरची तिरकस पाटी वाचून हेच म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ निराळा असतो.

‘दख्खनची राणी’ हे दुसरे नाव. इंग्रजांच्या राज्यात मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला राहायला येत. गणेशखिंडीत त्यांचा मोठा बंगला होता, तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मुंबईचा घामट उकाडा सोडून आलेल्यांना इथली हवा मानवली, आणि त्यांनी या शहराला राणी म्हटले. पुढे 1 जून 1930 रोजी मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये एक झोकदार गाडी सुरू झाली. तिलाही इंग्रजीत हेच नाव दिले, डेक्कन क्वीन. आता राणी म्हटले की लोकांना गाडीच आठवते, आणि त्या गाडीचा वाढदिवस दरवर्षी पुणे स्टेशनवर केक कापून करतात. आईचे नाव लेकीला दिले आणि लेकच मोठी झाली, असा हा प्रकार आहे.

‘पेन्शनरांचे गाव’ हे नावही याच हवेमुळे मिळाले. सरकारी नोकरीतून मोकळे झालेले लोक इथे घर बांधून राहत, सकाळी टेकडीवर जात आणि दुपारी झोपत. ‘सायकलींचे शहर’ हे नाव मला जवळचे आहे, कारण आमचे मामंजी तीस वर्षे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सायकलीने गेले. कारखाना सुटला की रस्त्याने नुसता घंट्यांचा आवाज येई, असे ते सांगत. ते शहर आता राहिले नाही. सायकलींच्या जागी स्कूटरी आणि मोटारसायकली आल्या. हिंजवडीकडे संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि 2022 सालापासून मेट्रोही धावू लागली. नाव मात्र अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. माणूस गेला तरी हाक राहते, तसे.

आपण बायका शहराला कोणत्या नावाने ओळखतो, हेही मी पाहिले. आपण तुळशीबाग म्हणतो, मंडई म्हणतो, बोहरी आळी म्हणतो, तांबट आळी म्हणतो. आपल्या उपनगरातून निघताना आपण “गावात जाऊन येते” असे म्हणतो. एवढ्या मोठ्या शहराला अजून गाव म्हणणे, हे मला वाटते आपले स्वतःचे लाडाचे नाव आहे. पुस्तकात मात्र ते कोणी लिहिलेले सापडले नाही.

मंडईची एक गोष्ट वाचली ती सांगते. मंडईची इमारत 1886 साली सुरू झाली तेव्हा तिला गव्हर्नर रे साहेबांचे नाव होते. मंडई बांधण्याचा विचार चालू होता तेव्हा महात्मा जोतीराव फुले म्युनिसिपालिटीत सभासद होते, आणि इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला होता. लोकांच्या शिक्षणाची गरज त्यांना मोठी वाटत होती. आज त्याच मंडईला महात्मा फुले मंडई म्हणतात. मी कित्येक वर्षे तिथून भाजी आणते, पण ही गोष्ट मला गेल्या महिन्यात कळली. आता कोथिंबिरीची जुडी घेताना ते विरोधाचे भाषण माझ्या मनात येते.

शिक्षणाचा विषय निघालाच आहे, तेव्हा आता त्या नावाकडे येते ज्यासाठी मी खरी उभी राहिले आहे. ते नाव म्हणजे ‘विद्येचे माहेरघर’.

कोणी ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ही म्हणतात. ऑक्सफर्ड मी पाहिले नाही, म्हणून ते नाव बाजूला ठेवते. माहेर मात्र मला चांगले कळते.

हे नाव पुण्याला उगाच मिळालेले नाही. 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज. 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ आणि 1917 साली भांडारकर प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली. 1949 साली विद्यापीठ सुरू झाले. मुलींसाठी 1884 साली हुजूरपागेची शाळा निघाली. पेशव्यांच्या घोड्यांची जिथे पागा होती तिथे ती भरली, म्हणून शाळेचे नावही हुजूरपागाच पडले. घोड्यांच्या पागेत मुली शिकू लागल्या, याहून मोठा पालट कोणता सांगावा!

त्याच्याही आधी, 1848 साली, बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला जात तेव्हा लोक अंगावर शेण आणि चिखल टाकीत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्या वाड्याची मोडकळीला आलेली इमारत स्मारकासाठी 2023 सालच्या डिसेंबरात पाडली. विद्यापीठाला 2014 सालापासून सावित्रीबाईंचेच नाव आहे.

आता एक गोष्ट पाहा. सावित्रीबाईंचे माहेर पुणे नव्हे. त्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. 1840 साली नऊ वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. त्या शिकल्या त्या सासरी, नवऱ्याकडून.

दुसऱ्या रमाबाई रानडे. त्याही सातारकडच्या, देवराष्ट्र्याच्या. 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आल्या. माधवराव रोज रात्री त्यांना शिकवीत, आणि दिवसा घरातल्या बायका त्याबद्दल त्यांना बोलत. हे त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्वतः लिहिले आहे. पुढे 1909 साली त्यांनीच पुण्यात सेवासदन उभे केले आणि शेकडो बायकांना शिकते केले.

तिसऱ्या पार्वतीबाई आठवले, कोकणातल्या देवरुखच्या. विशीत वैधव्य आले. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याला नेला. पार्वतीबाई तिथे आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर इंग्रजी नीट यावे म्हणून त्या 1918 साली अमेरिकेला गेल्या, आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. मैत्रिणींनो, पंचेचाळिशी उलटल्यावर! आपल्यापैकी कित्येकजणी त्या वयाला “आता काय राहिले आपले” असे म्हणतात. मीही म्हणत होते.

जिजाबाईंचे लक्षात ठेवा असे मी म्हटले होते ते याचसाठी. या साऱ्याजणी इथे परगावाहून आल्या, कोणी लग्न होऊन, कोणी आसऱ्याला. हे गाव त्यांचे माहेर नव्हते. त्यांनी आपल्या हाताने याचे माहेर केले. ‘विद्येचे माहेरघर’ हे नाव कॉलेजांच्या दगडी इमारतींनी मिळवले असे आपण समजतो. मला वाटते, त्यातला ‘माहेर’ हा शब्द या बायकांनी मिळवला. माहेर म्हणजे काय? जिथे आल्या आल्या, “बस, आधी पाणी घे,” असे म्हणतात ते माहेर. जिथे काही येत नाही म्हणून कोणी हसत नाही ते माहेर. जिथे पुन्हा पुन्हा विचारले तरी कपाळाला आठी पडत नाही ते माहेर.

इथवर पुस्तकातले सांगितले. आता माझे सांगते.

मी भोर तालुक्यातल्या डोंगरातल्या गावची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा ओढा ओलांडून दोन तासांच्या वाटेवर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाट बंद. भावाला मामाकडे शिकायला ठेवले. मला वडिलांनी विचारले, “जाशील का एवढे लांब?” मी जाते म्हटले. पण बरोबर जायला दुसरी मुलगी नव्हती, आणि आईला घरी हात हवा होता. वडिलांना मी दोष देत नाही. सातवीत मी वर्गात दुसरी आले होते, ते गुणपत्रक आईने कितीतरी वर्षे पत्र्याच्या पेटीत ठेवले होते.

1999 साली माझे लग्न ठरले आणि स्थळ पुण्याचे आहे असे कळले, तेव्हा मला जो आनंद झाला त्याचे कारण मी कोणाला सांगितले नाही. आमच्या गुरुजींनी भूगोलाच्या तासाला एकदा सांगितले होते, पुणे म्हणजे विद्येचे माहेरघर. मला वाटले, आता मी विद्येच्या माहेरी चालले. तिथे गेल्यावर कोणीतरी म्हणेल, “बस, पुढचे शीक.”

कोणी म्हटले नाही. त्यात कोणाचे वाईट मन नव्हते. दोन मुली झाल्या, सासूबाईंचे आजारपण झाले, ह्यांची नोकरी मधे दोन वर्षे गेली. पाणी, गॅस, रेशन, शाळेची फी. मीही कोणाला विचारले नाही, आणि विचारायचे असते हेही मला कळले नाही. वर्षे गेली.

उलट त्या नावाचा मला धाक वाटू लागला. या गावात जो तो शिकलेला. बँकेत अर्ज भरायचा, तर ‘शिक्षण’ असा रकाना. मुलीच्या शाळेत पालकांचा अर्ज, त्यातही तो रकाना. एकदा एका कचेरीत माझ्या अर्जातली चूक पाहून खिडकीतला माणूस मागच्या माणसाला म्हणाला, “पुण्यात राहून हे!” मी मागे वळून पाहिले नाही, अर्ज घेऊन तशीच घरी आले. त्या दिवशी मला कळले, की गावाच्या नावाने जशी मान वर होते तशी ती खालीही जाते. दुसऱ्या कोणत्याही गावात मी नुसती कमी शिकलेली बाई असते. विद्येच्या माहेरघरी मी कमी शिकलेली आणि वर लाजणारी बाई झाले.

आणि म्हणून मी एक खोटेपणा केला, तो आज सांगायचा आहे. नऊ वर्षांपूर्वी मी या मंडळाची सभासद झाले. नोंदवहीत नाव, पत्ता, वय आणि शिक्षण लिहायचे होते. माझ्या आधीच्या नावापुढे बी. ए. होते, त्याच्या आधी डी. एड. होते. मी पेन हातात घेतले आणि ‘दहावी’ असे लिहिले. तेव्हापासून आपण सगळ्या मला दहावी झालेली समजता. हळदीकुंकवाच्या वेळी कोणी शाळेच्या गोष्टी काढल्या की मी चहा आणायला आत जात असे, ते यामुळे. माझे शिक्षण सातवी आहे. कार्यवाह ताई, ती नोंद दुरुस्त करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. आणि दुरुस्ती करताना ती मी माझ्या हाताने करावी, अशी आपण परवानगी द्यावी.

हे मी मनात ठेवून भागले असते. परंतु तीन आठवडे सावित्रीबाईंचे आणि पार्वतीबाईंचे वाचल्यावर हा विषय बोलायला उभे राहायचे, आणि नोंदवहीत खोटे ठेवायचे, हे मला जमेना. घरी मी आधी ह्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “एवढे मनात होते तर बोलली का नाहीस?” मी म्हटले, “तुम्ही विचारले का नाही?” मग आम्ही दोघेही हसलो, पण ते हसू काही पुरते हसू नव्हते.

आता माझी दुसरी विनंती. सातवी झालेल्यांनाही बाहेरून दहावीला बसता येते. त्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो. मी तो भरायचे ठरवले आहे. इंग्रजी आणि गणित यांची मला भीती वाटते, बाकीचे मी करीन. आपल्या मंडळात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, आणि हे सभागृह मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी रिकामे असते. त्या वेळी इथे एक वर्ग भरवता येणार नाही का? आपल्या आसपास धुणीभांड्याला येणाऱ्या बायका आहेत, बांधकामावर आलेल्या बायका आहेत, आणि माझ्यासारख्या, रकाना आला की गप्प होणाऱ्या सभासदही दोन चार असतील. त्यांची नावे मी विचारणार नाही. ज्यांना यायचे त्यांनी यावे, बसावे, आधी पाणी घ्यावे आणि मग वही उघडावी.

मंडळाने पंचवीस वर्षांत पुष्कळ कामे केली. सहली झाल्या, भोंडले झाले, पापडांचा उद्योग झाला, आजारी सभासदांना मदत झाली. सव्विसाव्या वर्षी हे एक व्हावे. खर्च फार नाही. एक फळा आणि खडूची पेटी लागेल. फळ्याचे पैसे मी भिशीतून देईन.

मुहियाबाद हे नाव टिकले नाही, कारण ते कोणी तोंडात घेतले नाही. विद्येचे माहेरघर हे नाव आपण सगळ्या तोंडात घेतो. परंतु नुसते तोंडात घेऊन भागणार नाही. माहेर म्हणायचे तर आलेल्या लेकीला बसायला पाट हवा. तो पाट आपल्या गल्लीत तरी आपण मांडू या. मग कोणी परगावची मुलगी लग्न होऊन इथे आली, तर तिला विचारू, “पुढचे शिकायचे आहे का?” मला विचारायला कोणी नव्हते. तिला आपण आहोत.

वहीतली पाने संपली, आणि माझा घसाही कोरडा पडला. बोलण्यात कमीजास्त झाले असेल तर सांभाळून घ्यावे. वाळवणांची चिठ्ठी मला मिळाली नाही, हे बरेच झाले.

जय हिंद, जय महाराष्ट्र.